दुरून पक्षी पुसट का येतात?

दिवाळी सरली की आपल्याकडे थंडी पडू लागते, आणि थंडीबरोबर दोन प्रकारचे पाहुणे येतात. एक, सुटी काढून येणारे भाचे-पुतणे; आणि दुसरे, दूरदेशाहून येणारे पक्षी. पहिल्यांचे फोटो काढायला खिशातला फोन पुरतो. ती मंडळी समोर उभी राहतात, हसतात, सांगितले तर पुन्हा हसतात. दुसऱ्यांचे तसे नाही. भिगवणला उजनीच्या फुगवट्यात एका पायावर उभा असलेला रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, किंवा नांदूर-मध्यमेश्वरच्या पाण्यावरचा चक्रवाक आपल्या फोनमध्ये तिळाएवढा दिसतो. ‘हा बघ, हा इथे’ असे म्हणून बोट ठेवावे, तर तो बोटाखालीच झाकून जातो!

म्हणून अलीकडे मध्यमवर्गीय घरांतूनही लांब झूम लेन्स येऊ लागल्या आहेत. कोणाकडे ७०-३००, कोणाकडे १००-४००, तर कोणाकडे चक्क १५०-६०० मिलिमीटरची. आणि लेन्स आली की महिन्याभरात या सदराच्या नावाने पत्र येते. मजकूर ठरलेला: ‘लेन्स नामांकित आहे, किंमत भरमसाट दिली आहे, पण फोटो पुसट येतात. दुकानदाराने फसवले काय?’

एरवी या सदराला दीड पान मिळते, तेवढ्यात या प्रश्नाला न्याय देता येत नाही. दिवाळी अंकात संपादकांनी हात थोडा सैल सोडला आहे. तेव्हा यंदा त्या सर्व पत्रांना मिळून एकच उत्तर देतो.

पहिली गोष्ट ही की, पुसटपणा म्हणजे ताप. ताप हा रोग नव्हे, रोगाचे लक्षण होय. हिवतापावर एक औषध, विषमज्वरावर दुसरे. आणि दोन्ही न ओळखता नुसते कपाळाला हात लावून ‘ताप आहे हो’ म्हणत बसले, तर रोगी बरा होत नाही. पुसट फोटोचेही निदान आधी करावे लागते. ते कसे करायचे हे सांगण्यासाठी आमच्या शेजाऱ्यांचेच उदाहरण घेतो. त्यांची परवानगी घेतली आहे.

हे गृहस्थ निवृत्त आहेत, वय ६७. चौतीस वर्षे एका कचेरीत हिशेब लिहिले. निवृत्तीनंतरची पहिली दोन वर्षे त्यांनी गॅलरीतल्या खुर्चीवर बसून काढली. मग कोणाच्या तरी नादाने पक्षी पाहू लागले आणि पाहता पाहता १५०-६००ची लेन्स घरात आली. घराला रंग द्यायचा होता, तो राहिला. वहिनींनी आठ दिवस अबोला धरल्याचे सगळ्या जिन्याला ठाऊक आहे. फेब्रुवारीत ते भिगवणला जाऊन आले. नऊशे फोटो काढले, आणि त्यांत धड एकही नाही. त्या रात्री ते आमच्याकडे आले, तेव्हा चहाची बशी त्यांच्या हातात किंचित वाजत होती. ती बशी खाली ठेवून ते म्हणाले, ‘‘काय हो, लेन्सला कोणी गिऱ्हाईक असेल तर बघा. माझे हात गेले. या वयात हा नाद करायला नको होता.’’

वहिनी मागोमाग आल्या होत्या. मला वाटले, त्या म्हणतील, ‘मी आधीच सांगत होते!’ पण दारातच उभ्या राहून त्या म्हणाल्या, ‘‘विकू नका म्हणावं ह्यांना. पहाटे उठतात, चालतात, चार माणसांशी बोलतात. दोन वर्षं खुर्चीत बसलेलं बघितलंय मी. रंग पुढच्या वर्षी देऊ.’’

तेव्हा प्रश्न नुसत्या फोटोचा नव्हता. मी त्यांना सांगितले की, खटला चालल्याशिवाय हाताला शिक्षा देऊ नका. आपण आरोपी एकेक करून तपासू.

पुसट फोटो मोठा करून नीट पाहिला, तर तो स्वतःच साक्ष देतो. फोटोतले सगळेच काही एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसत असेल, तर कॅमेरा हलला. फांदी रेखीव आणि पक्षी तेवढा पुसट असेल, तर पक्षी हलला. पक्ष्याच्या पुढचे किंवा मागचे गवत लख्ख आणि पक्षी मऊ, तर फोकस चुकला. कशालाच धड कड नाही, रेषा पाण्यात पाहिल्यासारख्या वाकड्या आणि लागोपाठच्या प्रत्येक फोटोत वेगळ्या, तर दोष हवेचा. आणि ट्रायपॉडवर, सावलीत, दहा मीटरांवरच्या वस्तूचा फोटोही मऊच आला, तरच लेन्सकडे बोट दाखवावे. लोक नेमके उलटे करतात. या शेवटच्या आरोपीला पहिल्याने पकडतात.

आता एकेकाची उलटतपासणी घेऊ.

पहिला आरोपी हात. नेहमीच्या ५० मिलिमीटरच्या लेन्समधून साधारण चाळीस अंशांचा देखावा दिसतो. ६००मधून जेमतेम साडेतीन अंशांचा. लेन्स पक्षी मोठा करते, त्याच पटीत हाताची थरथरही मोठी करते. हिशेबच मांडायचा तर असा: ३६ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर आडव्या ओळीत ६,००० ठिपके आहेत असे धरा. फोटो उघडा असताना कॅमेरा एका अंशाच्या शंभराव्या भागाइतका वळला, तर ५० मिलिमीटरच्या लेन्सवर चित्र दीड ठिपका सरकते; ते कोणाच्या लक्षातही येत नाही. ६००च्या लेन्सवर तेच चित्र सतरा ठिपके सरकते, आणि पक्ष्याचा डोळा पापणीत मिसळून जातो. एका अंशाचा शंभरावा भाग स्थिर राखणे तरण्याताठ्या पैलवानालाही जमत नाही. त्यामुळे हात हलणे हा वार्धक्याचा दाखला नव्हे. सगळ्यांचेच हात हलतात.

यावर फिल्मच्या काळापासून चालत आलेला नियम असा की, लेन्स जितक्या मिलिमीटरची, सेकंदाचे निदान तितके भाग करावेत. ६००ला १/६०० सेकंद. सेन्सर लहान, म्हणजे ज्याला दीडपटीचा म्हणतात तो असेल, तर ६०० गुणिले दीड, ९००; म्हणजे १/१००० सेकंद. आजचे सेन्सर अधिक बारीक दाखवतात, म्हणून मी त्याच्या दुप्पट वेग सुचवतो.

‘पण आमच्या लेन्समध्ये कंपनरोधक सोय आहे!’ असे कोणी म्हणेल. आहे खरी. अशी सोय असलेली, कॅमेऱ्यापासून सुटी होणारी पहिली लेन्स १९९५ साली कॅननने काढली. ती ७५-३०० मिलिमीटरची होती. हात कोठे वळतो हे आतील यंत्र ओळखते आणि काचांचा एक गट उलट दिशेला सरकवते. युक्ती मोठी नामी आहे. परंतु ती तुमचा हात थोपवते, पक्ष्याचे पंख नव्हे. ताशी ३६ किलोमीटर वेगाने उडणारा पक्षी सेकंदाला दहा मीटर जातो. म्हणजे १/५०० सेकंदात दोन सेंटीमीटर. १/२००० सेकंदात तो अर्धाच सेंटीमीटर सरकतो. म्हणून उडणाऱ्या पक्ष्याला १/२००० किंवा त्याहून अधिक वेग हवा. ध्यानस्थ बगळ्याला मात्र १/५०० पुरे, कंपनरोधक चालू असेल तर त्याहून कमीही चालेल.

शेजाऱ्यांचे फोटो पाहिले, तर वेग सर्वत्र १/२५०. ‘‘एवढा कमी का ठेवलात?’’ असे विचारले, तर म्हणाले, ‘‘आयएसओ शंभरच्या वर नेला की फोटोत दाणे येतात, असं वाचलं होतं.’’ चौतीस वर्षे पै-पैचा हिशेब लिहिलेला माणूस; इथेही काटकसर केली! वाचकहो, दाणे आलेला पण रेखीव फोटो दिवाणखान्यात लावता येतो. दाणे नसलेला पुसट फोटो सख्ख्या मेव्हण्यालाही दाखवता येत नाही. आणि फार दाणे येतात असेही नाही. स्वच्छ उन्हात आयएसओ ४०० आणि छिद्र एफ ८ ठेवले, तर १/१६०० सेकंदाचा वेग सहज मिळतो. ढगाळ असेल तर आयएसओ ८००, १६०० करा. आजचे कॅमेरे ते निमूटपणे सोसतात.

वेगाला धरण्याच्या पद्धतीची जोड हवी. डावा तळहात लेन्सखाली, तोही पुढच्या बाजूला. दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकलेले. शक्य तर खाली बसून गुडघ्याचा किंवा झाडाच्या खोडाचा आधार. श्वास अर्धा सोडून थांबावे. आणि बटण दारावरच्या घंटेसारखे दाबू नये. झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालावे तसे हळूच दाबावे. लागोपाठ चार-पाच फोटो घ्यावेत. पहिल्यात बोटाचा धक्का असतो, मधला बहुधा उत्तम येतो.

याहून स्वस्त आणि मस्त उपाय म्हणजे धान्याची पिशवी. जुन्या पँटचा पाय गुडघ्याखाली कापा, एक तोंड शिवा, दोन किलो राजमा भरा आणि दुसरे तोंड शिवून टाका. जीपच्या कठड्यावर, भिंतीवर, दगडावर ही पिशवी ठेवून तीत लेन्स रुतवली की ती बाळंतिणीच्या बाळासारखी निवांत पडते. ताडोब्याच्या जीपमध्ये ट्रायपॉड उभारायला जागा नसते, तिथे ही पिशवी फार उपयोगी. मात्र इंजीन बंद करायला सांगा, आणि सहप्रवाशांना घटकाभर बिस्किटाचा पुडा न उघडण्याची विनंती करा. होडीत पिशवीचा उपयोग थोडा. होडीच हलते, तिथे शटरचा वेगच तारतो.

ट्रायपॉड वापरणाऱ्यांना तीन गोष्टी सांगतो. तो कॅमेऱ्याला न लावता लेन्सच्या गळ्यातल्या पट्ट्याला लावा, म्हणजे तोल साधतो. मधला दांडा वर काढू नका. तो काढला की तीन पायांचा ट्रायपॉड एका पायाचा होतो. आणि बटण बोटाने न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावा. भक्कम ट्रायपॉडवर कंपनरोधक बंद करावे की नाही, हे लेन्सबरोबरच्या पुस्तिकेत दिलेले असते. ती पुस्तिका खोक्यातून बाहेर काढण्याचा मुहूर्त पाडव्याचा धरायला हरकत नाही.

दुसरा आरोपी फोकस. ६०० मिलिमीटरला, एफ ६.३ छिद्र ठेवून, दहा मीटरांवरच्या पक्ष्याचा फोटो काढलात, तर रेखीव दिसणारी पट्टी पुढेमागे मिळून जेमतेम दहा सेंटीमीटर असते. म्हणजे वीतभरसुद्धा नाही. छातीवर फोकस धरला तर चोच पुसट. म्हणून फोकस डोळ्यावरच हवा. डोळा लख्ख असेल, तर शेपटी पुसट असली तरी कोणी तक्रार करीत नाही. डोळा पुसट आणि शेपटी लख्ख असेल, तर तो फोटो शेपटीचा. फोकसचा एकच ठिपका निवडा, म्हणजे कॅमेरा पुढच्या काडीवर भाळणार नाही. नवे कॅमेरे पक्ष्याचा डोळा आपणहून शोधतात. त्यांना तो शोधू द्या, पण त्यांनी शोधला की नाही हे आपण पाहा.

तिसरा आरोपी हवा. हा खरा अट्टल गुन्हेगार. तो पकडला जात नाही, कारण तो कोणाला दिसत नाही.

तवा तापला की त्यापलीकडची भिंत हलताना दिसते, हे स्वयंपाकघरात सर्वांनी पाहिले आहे. तापलेली हवा विरळ होते, थंड हवा दाट असते, आणि या दोहोंच्या मिसळीतून जाताना प्रकाश क्षणोक्षणी वेगळा वाकतो. तारे लुकलुकतात तेही हवेच्या अशाच थरथरीमुळे. दुपारी बारा वाजता माळरानावरून, डांबरी रस्त्यावरून किंवा गाळपेरावरून दोनशे मीटर पलीकडचा पक्षी पाहताना आपण दोनशे मीटर लांबीचा तवाच मध्ये ठेवून पाहत असतो. डोळ्याला ते कळत नाही. ६००च्या लेन्सला कळते. यावर बाजारात औषध नाही. लाखाची लेन्स आणा की दहा लाखांची, हवा दोघींना सारखीच नाचवते.

शेजाऱ्यांचे नऊशेपैकी बहुतेक फोटो अकरा ते एक या वेळातले होते. सकाळचा नाश्ता आटोपून सगळे निघाले होते! मी त्यांना दोन रोहित पक्षी दाखवले. एकाच क्षणी, एकाच फोटोत एकाची मान सरळ आणि दुसऱ्याची दातेरी करवतीसारखी. ‘‘हात हलला असता, तर दोघांच्या माना सारख्याच बिघडल्या असत्या ना?’’ मी म्हणालो. ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग बशीतला चहा प्यायले.

उपाय दोनच: वेळ आणि अंतर. सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास सर्वांत चांगले, ढगाळ दिवस असला तर दुपारही चालते. पाणी उबदार आणि वरची हवा गार असेल, तर भल्या सकाळीही थरथर होते. तेव्हा दूरच्या पक्ष्याचा नाद सोडून जवळचा घ्यावा. आणखी एक काळजी: वातानुकूलित मोटारीची काच उतरवून लगेच फोटो काढू नका. आतली थंड आणि बाहेरची गरम हवा खिडकीतच मिसळते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर थंड लेन्सवर घाम येतो. ती पिशवीत ठेवूनच हळूहळू बाहेरच्या हवेला येऊ द्यावी.

अंतर कमी करा असे म्हटले की एक धोका उभा राहतो, तो इथेच सांगितला पाहिजे. अंतर कमी करायचे म्हणजे पक्ष्याच्या अंगावर जायचे नव्हे. लांब लेन्स जन्माला आली, ती आपण लांब राहावे म्हणूनच. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते. ती ओरडत घिरट्या घालू लागली, म्हणजे ती आपले स्वागत करीत नसते. ती अंड्यांवरून उठली की अंडी उन्हात भाजू लागतात आणि कावळे टपलेलेच असतात. होडीवाल्याला ‘अजून थोडं पुढं घ्या’ म्हणून रोहितांचा थवा उडवणे हाही तसलाच पराक्रम. शांत बसावे, अर्ध्या तासात पक्षीच जवळ येतात. नाही आले, तर फोटो नाही. घरट्याचा फोटो तर या छंदातून वर्ज्यच समजावा.

आता शेवटचा आरोपी लेन्स. छोट्या फिल्मच्या फोटो-कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स फोइग्टलेंडर या जर्मन कंपनीने १९५९ साली बाजारात आणली. ती ३६-८२ मिलिमीटरची होती. तेव्हापासून आजपर्यंत या लेन्सांनी मोठीच मजल मारली. तरीही झूम म्हणजे अनेक सुनांचे एकत्र कुटुंब. पुष्कळशा काचा सरकत सरकत एकमेकींशी जुळवून घेतात. बहुतेक झूम आपल्या शेवटच्या टोकाला थोड्या मऊ पडतात. ६००ऐवजी ५५०वर या, छिद्र एफ ६.३ऐवजी एफ ८ करा, फरक दिसेल. पुढे लावलेला स्वस्त फिल्टर काढून टाका. शेकडो रुपयांच्या काचेतून हजारो रुपयांच्या लेन्सने का पाहावे?

आणि संशय राहिलाच, तर परीक्षा घ्या. या अंकातले शब्दकोड्याचे पान सोडवून झाले की भिंतीला सपाट चिकटवा. सकाळी, सावलीत, दहा मीटरांवर ट्रायपॉड ठेवून टायमरने फोटो काढा. अक्षरे लख्ख आली, तर लेन्स निर्दोष. आपोआप फोकसने मऊ आणि हाताने फोकस केल्यावर लख्ख आली, तर फोकस जुळवून घ्यावा लागेल. पुष्कळ कॅमेऱ्यांत तशी सोय असते. पानाची एक बाजू लख्ख आणि दुसरी मऊ, असे पुन्हा पुन्हा आले, तरच लेन्स दुरुस्तीला न्या.

शेजाऱ्यांची लेन्स पहिल्याच परीक्षेत उत्तीर्ण झाली. राजम्याची पिशवी वहिनींनी शिवली. पुढच्या रविवारी सकाळी सातला ते पाषाण तलावावर बसले: आयएसओ ८००, एफ ८, वेग १/२०००. दोनशे फोटोंत अकरा खंड्ये असे आले की चोचीवरचा पाण्याचा थेंब मोजावा. त्यांचा हात आजही थरथरतो. डॉक्टरांना दाखवले, वयोमानाचा कंप आहे, काळजीचे कारण नाही असे ते म्हणाले. पण सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात हाताला थरथरायला सवडच मिळत नाही! घराला रंग अजून लागलेला नाही. मात्र ज्या भिंतीला तो लागायचा होता, तिच्यावर खंड्या टांगला आहे.

जाता जाता वाचकांना एक गृहपाठ देतो. त्यासाठी भिगवणला जायला नको, घरची गच्ची पुरे. कोजागिरीच्या चंद्राचे फोटो अनेकांनी काढले असतील आणि तो दुधाच्या वाटीसारखा सपाट आला असेल. पौर्णिमेला चंद्रावर ऊन आपल्या पाठीमागून पडते, त्यामुळे तेथे सावल्याच दिसत नाहीत. कार्तिक शुद्ध अष्टमीचा अर्धा चंद्र घ्या. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात. रात्री आठनंतर, गच्चीचा स्लॅब निवल्यावर, शेजारच्या वातानुकूलन यंत्राच्या झोतावरून न पाहता, ट्रायपॉडवर ६०० मिलिमीटर, आयएसओ ४००, एफ ८, १/२०० सेकंद, टायमर दोन सेकंदांचा. चंद्र सेन्सरवर साडेपाच मिलिमीटरांचा येतो. विवरांच्या कडा दिसायला तेवढा पुष्कळ झाला. घरातल्या मुलांना बोलावून दाखवा.

फोटो रेखीव आला तर जरूर पाठवा. पुसट आला तर तोही पाठवा. त्याबरोबर शटरचा वेग आणि घड्याळातली वेळ मात्र लिहा. नाडी पाहिल्याशिवाय औषध सांगण्याची या सदराची पद्धत नाही.